कुकरमधला कॅमेरा

कैरोत राहणाऱ्या माणसाला वाळवंट बघायची हौस आली तर त्याने खिडकी उघडावी, असं तिसऱ्या मजल्यावरच्या मदाम इन्शिराह यांचं मत होतं. खमासीन वारा सुटला की अर्धं वाळवंट आपण होऊन शुब्र्याच्या वस्तीत येतं, जिना चढतं, आणि बंद खिडकीतून आत शिरून त्यांच्या फ्रीजवर बसतं. लग्न होऊन या इमारतीत आल्यापासून मदाम त्याच्याशी झाडू घेऊन लढत होत्या. "जे घरपोच मिळतं," त्या म्हणत, "ते बघायला गाडीभाडं कशाला घालवायचं?"

पण दुसऱ्या मजल्यावरच्या उस्ताद रऊफ यांना वाळवंटाचा फोटो काढायचा होता. नुसता वाळवंटाचा नव्हे, निर्मनुष्य वाळवंटाचा.

उस्ताद रऊफ नकाशांच्या खात्यात होते. सगळा जन्म देशाचे नकाशे गुंडाळण्यात आणि उलगडण्यात गेला होता, आणि नकाशावरचा तो अवाढव्य पिवळा भाग त्यांनी इतक्या वेळा फडक्याने पुसला होता की तो आपल्या परिचयाचा आहे असं त्यांना वाटू लागलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी वाळवंट पाहिलं होतं ते अलेक्झांड्रियाला जाताना, बसच्या खिडकीतून, शेजारच्या झोपलेल्या प्रवाशाच्या डोक्यावरून.

फोटोची हौस जुनी. ते वस्तीतल्या हौशी छायाचित्रकारांच्या क्लबचे सभासद होते, पण वार्षिक प्रदर्शनात त्यांचा एकही फोटो आजवर भिंतीवर चढला नव्हता. दोष त्यांचा नव्हता, शहराचा होता. नाईलवरचा सूर्यास्त टिपावा, तर कोपऱ्यात कणीसवाल्याचं कोपर. मिनाराचा फोटो घ्यावा, तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला पायजमा, आणि तो पायजमा काढायला आलेली बाई, आणि "काय हो, माझा फोटो काढता?" म्हणून तिच्या चेहऱ्यावर उमटलेला संताप, तोही अगदी सुस्पष्ट.

या वर्षीच्या प्रदर्शनाचा विषय होता ‘जिथे कोणी नाही’. विषय जाहीर करताना क्लबचे अध्यक्ष डॉक्टर शाहीन यांनी सगळ्यांदेखत रऊफ यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर शाहीन दंतवैद्य होते, त्यामुळे समोरच्याला दुखणार आहे हे ठाऊक असूनही शांत आवाजात बोलायची त्यांना सवय होती. "उस्ताद," ते म्हणाले, "तुमच्या प्रत्येक फोटोत कोणीतरी आगंतुक असतो. या खेपेला जमवा. नाहीच जमलं, तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही चहापाण्याचं बघा. तुमचा स्वभाव तसा मनमिळाऊ आहे."

मनमिळाऊ! उस्ताद रऊफ घरी आले ते न जेवताच बसले.

"पांढऱ्या वाळवंटात जाणार," त्यांनी बायकोला सांगितलं. "एकटा. पहाटेच्या उजेडात एक फोटो. त्यात माणूस नाही, कणीस नाही, पायजमा नाही."

"जा की," सामिया म्हणाली. "पण कॅमेरा माझ्या भावाने कुवेतहून पाठवलेला आहे. त्यात वाळूचा एक कण जरी गेला ना, तर दर ईदला तो विचारेल आणि दर ईदला मी तुमच्याकडे बघेन."

इथून तयारी सुरू झाली. उस्ताद रऊफ यांनी एक चूक केली. त्यांनी जिन्यात पाचव्या मजल्यावरच्या लमई साहेबांना विचारलं, की धुळीपासून कॅमेरा कसा वाचवावा.

बाश-मुहंदिस लमई लिफ्टचे इंजिनियर होते. इमारतीची लिफ्ट त्यांच्याच देखरेखीखाली बंद होती, त्यामुळे ते रोज पाच मजले चालत आणि वाटेत भेटणाऱ्याला सल्ला देत. "आधी कॅमेऱ्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा," ते म्हणाले, "पण गुंडाळून भागत नाही, उस्ताद. चाचणी घ्यावी लागते. वाळवंटात गेल्यावर कळून काय उपयोग?"

चाचणी रऊफ यांच्या दिवाणखान्यात घ्यायचं ठरलं, कारण इतर खोल्यांत माणसं राहत होती. सोनेरी पायांच्या खुर्च्या, त्यांच्यावर पांढरे अभ्रे, काचेच्या कपाटात सामियाच्या रुखवतातले कप, ज्यांना लग्नापासून कोणाचा ओठ लागला नव्हता. मधल्या मेजावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कॅमेरा ठेवला. वाळूच्या जागी लमई साहेबांनी मैदा निवडला. मैद्याचा कण वाळूपेक्षा बारीक, म्हणजे जो मैद्याला पुरून उरला तो वाळूला भीक घालणार नाही, असा त्यांचा हिशेब. वाऱ्याच्या जागी सामियाचं केस वाळवायचं यंत्र.

"वेग वाढवू?" लमई साहेबांनी विचारलं.

"वाळवंटात काय वेग असतो?"

"असतो बराच."

"मग वाढवा."

सामिया भाजी घेऊन परतली तेव्हा दिवाणखान्यात दोन पांढरे गृहस्थ उभे होते. त्यातला कोणता आपला, हे तिने चष्म्यावरून ओळखलं. काचेच्या कपाटातले कप आतून पांढरे झाले होते. कपाट बंद असताना मैदा आत कसा गेला, यावर लमई साहेब एक शास्त्रीय वाक्य बोलू लागले होते, पण सामियाने पिशवी इतक्या हळू खाली ठेवली की ते वाक्य त्यांनी जिन्यात जाऊन पूर्ण केलं.

"कॅमेऱ्यात मात्र कणही गेला नाही," रऊफ म्हणाले. बायकोच्या चेहऱ्यावर या बातमीचा काही परिणाम दिसला नाही.

मैद्याची वार्ता मदाम इन्शिराह यांच्यापर्यंत पोचायला मैद्याइतकाही वेळ लागला नाही. त्या आल्या त्या झाडू घेऊनच. दिवाणखाना झाडून, पुसून, कप धुऊन झाल्यावर त्यांनी कंबरेवर हात ठेवून निकाल दिला. "प्लॅस्टिक म्हणजे पोरखेळ. धुळीला मी ओळखते. तिला फक्त एकच वस्तू रोखते, ती म्हणजे कुकर. रबराची कडी असते त्याला. आतली वाफ बाहेर येत नाही, तर बाहेरची धूळ आत कशी जाईल?"

त्यांचे यजमान हाज्ज मुतवल्ली, रेल्वेतून निवृत्त, बायकोच्या पाठोपाठ आले होते. "आणि शिट्टीच्या भोकात बूच मारायचं," ते म्हणाले. घरात त्यांना वर्षाकाठी एखादंच वाक्य पूर्ण बोलता येई, आणि या वर्षीचं त्यांनी यावर खर्च केलं.

उस्ताद रऊफ यांनी विरोध करून पाहिला, पण कुकरविरुद्ध मुद्दा सुचेना. मदामनी आपला मोठा कुकर घासून, वाळवून, खाली आणून दिला. कॅमेरा त्यात असा बसला की जणू त्या मापानेच कुकर ओतला होता.

राहिला प्रश्न परवानगीचा. त्या भागात जायला परवाना लागतो, आणि परवाना एका कचेरीच्या एका खिडकीत मिळतो, जिच्यामागे एक बाई भेंडी निवडत बसल्या होत्या.

"एकटे?" बाईंनी विचारलं.

"एकटाच."

"तिथे काय करणार?"

"फोटो काढणार."

"कशाचा?"

"कशाचाच नाही. म्हणजे, जिथे काहीच नाही, कोणीच नाही, त्याचा."

बाईंनी भेंडीचं डेख मोडलं. "त्यासाठी तिकडे कशाला जाता? आमच्या साहेबांच्या खोलीत जा. सकाळपासून कोणी नाही." मग त्यांना दया आली असावी. "हे बघा उस्ताद, एकटा माणूस वाळवंटात गेला की तो एक तर साधू असतो नाही तर गाडलेलं सोनं उकरणारा. साधू तुम्ही दिसत नाही. एकट्याला परवाना नाही. सहल असेल तर आहे. निदान पाच माणसं. त्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स आणा."

"आणि ती माणसं ऐन वेळी आली नाहीत तर?"

"न येणाऱ्या माणसांची आम्हाला कसली भीती?"

म्हणजे नावं हवी होती, माणसं नकोत. पण आता शेजाऱ्याच्या दारात उभं राहून "तुमची झेरॉक्स द्या, तुम्ही मात्र येऊ नका" असं म्हणायला तोंड कुठून आणायचं? शुब्र्यात जेवणारा माणूस दारातून जाणाऱ्याला "या, बसा" म्हणतो, जाणारा "आत्ताच झालं, बरकत असो" म्हणतो, आणि दोघांनी आपापलं वाक्य म्हटलं की ताटाला कोणी हात न लावता दोघांचं पोट भरतं. उस्ताद रऊफ यांनी याच भरवशावर आमंत्रणं करायचं ठरवलं. ते "चला" म्हणतील, शेजारी "नको नको" म्हणतील, आणि बोलता बोलता झेरॉक्स हाती येईल.

"चला ना हाज्ज आमच्याबरोबर वाळवंटात," ते तिसऱ्या मजल्यावर म्हणाले.

"छे छे, कशाला तुम्हाला त्रास," हाज्जऐवजी मदाम म्हणाल्या. अगदी बरोबर वाक्य.

इथे थांबून "बरं, नुसती झेरॉक्स द्या" म्हणायला हवं होतं. पण मदाम दार लावू लागल्या, आणि रऊफ यांना दारामागे परवाना बंद होताना दिसला. "असं कसं!" ते म्हणाले. "चलाच!"

"अहो, खरंच नको."

"वल्ला, तुमच्याशिवाय मजा नाही!"

मदाम आणि हाज्ज यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकदा बोलावणं ही रीत असते. दुसऱ्यांदा बोलावणं हा आग्रह. पण तिसऱ्यांदा, आणि तेही देवाची शपथ घालून? त्यानंतर नाही म्हणणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटणं. हाज्ज मुकाट्याने झेरॉक्स आणायला आत गेले. पाचव्या मजल्यावर हाच प्रकार थोड्या जास्त जिन्यांनंतर झाला. सामियाची झेरॉक्स तर कपाटातच होती.

गाडी सांगितली होती त्या शुक्रवारी पहाटे उस्ताद रऊफ कुकर छातीशी धरून जिना उतरले, आणि खाली फुटपाथवर त्यांना आपली इमारत भेटली. मदाम इन्शिराह, दोन उशा, पातेलंभर भात भरलेल्या द्राक्षाच्या पानांची महशी, लोणच्याची बरणी आणि झाडू. हाज्ज, डोक्याला ओला टॉवेल. लमई साहेब, घडीची खुर्ची आणि हवेचा दाब मोजायचं एक यंत्र.

"झाडू कशाला?" रऊफ यांना एवढंच सुचलं.

"तंबूत झोपायचंय ना? मग कोण झाडणार, तुम्ही?"

लमई साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "उस्ताद, खरं सांगतो, मला उन्हाने पित्त होतं. पण तुम्ही शपथ घातलीत. तुमचं मन मोडवेना."

हाज्जनी पुढच्या वर्षातलं वाक्य उसनं घेतलं. "माझे गुडघे नाही म्हणत होते. पण तुमच्यासाठी."

म्हणजे कोणालाच यायचं नव्हतं, कोणी यावं असं रऊफ यांना वाटत नव्हतं, आणि निव्वळ एकमेकांच्या आदरापोटी सगळे निघाले होते. मागून पर्स बंद होण्याचा आवाज आला. सामिया प्रवासाचे बूट घालून उभी होती. "अख्खी इमारत चाललीय," ती म्हणाली, "आणि माझ्या भावाचा कॅमेरा कुकरमध्ये बसून चाललाय. मी काय घरी बसून मैदा मोजू?"

बावीतीच्या ओअॅसिसपर्यंत मायक्रोबस आणि पुढे हमदान नावाच्या वाळवंटी बदूची जीप. दिवसभर कुकर उन्हात टपावर नको म्हणून आळीपाळीने सगळ्यांच्या मांडीवर होता, आणि तरी इतका तापला की लमई साहेबांच्या पँटवर त्याचा गोल उमटला. संध्याकाळी खडूसारख्या पांढऱ्या खडकांत मुक्काम पडला. रऊफ यांनी एक खडक निवडला, छत्रीसारखा, एका पायावर उभा. त्याच्या पुढे वाळू अशी पसरलेली की तिच्यावर पाखराचंही पाऊल नव्हतं. पहाटे सूर्य बरोबर त्या खडकामागून येणार होता. ते कितीतरी वेळ नुसते बघत उभे राहिले. नकाशावर हा भाग पिवळा दाखवतात, याची त्यांना खात्याच्या वतीने लाज वाटली.

"कोणी त्या बाजूला जाऊ नका," त्यांनी विनवलं. सगळ्यांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं.

पहाट झाली. खडकाची कड गुलाबी होऊ लागली. उस्ताद रऊफ यांनी कुकरचं झाकण फिरवलं. झाकण फिरलं नाही.

"मला द्या," लमई साहेब म्हणाले. त्यांनी कुकर पोटाशी धरला, हाज्जनी झाकण ओढलं, दोघं फिरत फिरत खडकाच्या बाजूला गेले. मदाम "माझ्या कुकरचा दांडा!" म्हणत मागून धावल्या. सामिया "माझ्या भावाचा कॅमेरा!" म्हणत त्यांच्या मागून. हमदान हा कसला नाच म्हणून चहाचा पेला घेऊन बघायला आला.

लमई साहेब धापा टाकत थांबले. "कळलं," ते म्हणाले. "काल तापून आतली हवा फुगली, थोडी रबराखालून निसटली. रात्रीच्या थंडीत उरलेली आकसली. आता बाहेरची हवा झाकण दाबून बसलीय. दाब!" त्यांचा चेहरा उजळला. "उपाय सोपा आहे. मंद आचेवर ठेवायचं."

"कॅमेरा?" रऊफ म्हणाले. "आचेवर?"

"झाकण उघडेपर्यंतच."

दुसरा मार्ग नव्हता आणि खडक गुलाबीचा केशरी होत होता. हमदानच्या चहाच्या निखाऱ्यांवर कुकर चढला. सामियाने सगळ्यांना मागे सारलं आणि स्वतः पुढे बसली. "मी आजवर पुष्कळ काही शिजवलंय," ती निखारे पसरत म्हणाली, "पण सख्ख्या भावाची भेट पहिल्यांदाच."

"मटणाला जरा जास्त वेळ लागतो," मदाम म्हणाल्या.

"मदाम!"

फुस्स झालं. झाकण निघालं. कॅमेरा आत सुखरूप होता, उबदार होता, आणि धुळीचा एक कण त्याच्यावर नव्हता. रऊफ यांनी तो उचलला, डोळ्याला लावला, आणि खाली केला.

छत्रीसारख्या खडकापुढची सगळी वाळू तुडवली गेली होती. हाज्जच्या चपला, लमई साहेबांचे बूट, मदामच्या सपाता. रामसीस स्टेशनच्या फलाटावर सकाळी दिसते तशी ती दिसत होती. दुसरीकडे वाळू हवी तितकी होती, पण सूर्य त्या एकाच खडकामागे होता, आणि तो थांबणार नव्हता.

उस्ताद रऊफ वाळूत बसले आणि कॅमेरा मांडीवर ठेवला. त्यांना समोर पुढच्या वर्षीचं प्रदर्शन दिसत होतं, आणि आपण हातात तबक घेऊन "साखर किती?" विचारताना.

ओरडणारा शेजारी कोणालाही समजतो. ओरडायचं कारण असून गप्प बसलेला शेजारी त्या चौघांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि ते घाबरले. सगळ्यात आधी हालल्या मदाम इन्शिराह. त्या तंबूकडे गेल्या, झाडू घेऊन आल्या, पदर खोचावा तसा डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि खडकाच्या बुंध्यापाशी जाऊन वाळवंट झाडायला लागल्या.

कंबरेत वाकून, उलट्या पावलांनी मागे येत, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. स्वतःचं पाऊल उमटलं की पुढच्या फटकाऱ्यात तेही पुसत. "धूळ उडतेय!" सामिया ओरडली. "कॅमेरा सांभाळा!" लगेच हाज्ज पाण्याचा डबा घेऊन कडेकडेने धावले आणि दुकानापुढे सकाळी मारतात तसं सपासप पाणी मारू लागले. लमई साहेब यंत्र धरून वाऱ्याची दिशा सांगत होते. धूळ बसली. मदाम झाडत झाडत रऊफ यांच्या पायांपर्यंत आल्या आणि झाडू टेकवून उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. "घ्या," त्या म्हणाल्या. "आता काढा. माझ्या स्वयंपाकघरात इतकं स्वच्छ नसतं."

उस्ताद रऊफ यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. खडकामागून सूर्य वर येत होता. खडकापासून त्यांच्यापर्यंत झाडूच्या फटकाऱ्यांच्या अर्धगोल लाटाच लाटा पसरल्या होत्या, आणि त्यांच्यावर शिंपडलेल्या पाण्याचे थेंब काळे चमकत होते. कुठल्याही वाळवंटाने स्वतःहून असं कधी केलं नसतं. त्यांनी मागे पाहिलं. चौघं श्वास रोखून, एकमेकांना धरून, फोटोच्या बाहेर राहण्यासाठी एवढ्या जागेत अंग चोरून उभे होते.

"हात सलामत राहोत," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

फोटो भिंतीवर चढला. नुसता चढला नाही, मधोमध लागला. डॉक्टर शाहीन उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना त्याच्यापुढे थांबवून समजावत होते. "या लाटा बघा. हा वाऱ्याचा हात आहे. हजारो वर्षं एकाच दिशेने वाहिल्याशिवाय अशी वळणं येत नाहीत. आणि हे ठिपके, क्वचित पडणाऱ्या पावसाचे. माणसाचा स्पर्शही नाही!"

उस्ताद रऊफ खांबाच्या आड उभे होते. खरं सांगावं की नाही याचा विचार ते करत होते, आणि विचार अजून बराच वेळ करायचा त्यांचा इरादा होता. तेवढ्यात दारातून ईदचे कपडे घातलेली इमारत आत आली.

मदाम इन्शिराह थेट फोटोपाशी गेल्या. डॉक्टरांचं वाक्य त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हजारो वर्षं?" त्या म्हणाल्या. "चहा उकळायलाही जास्त वेळ लागतो. हे मी झाडलंय."

डॉक्टर शाहीन हसले. "काय झाडलंत, मदाम?"

"वाळवंट. हा इथला फटकारा जरा वाकडा गेला, तेव्हा कंबरेत चमक आली होती. आणि पाऊस या हाज्जनी पाडला."

हाज्जनी नम्रपणे मान लववली. पाहुणे डॉक्टरांकडे बघू लागले, डॉक्टर खांबाकडे. उस्ताद रऊफ खांबाआडून बाहेर आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "म्हणजे, फोटोत मात्र कोणी नाही."

हे खरं होतं. डॉक्टर शाहीन फोटोवर वाकले. किडलेला दात काढावा की वाचवावा, असा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि फोटोखालच्या पट्टीवर, ‘छायाचित्र: रऊफ’ याच्या खाली, स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘वारा: मदाम इन्शिराह. पाऊस: हाज्ज मुतवल्ली.’

"आणि मी?" लमई साहेब पुढे आले. "उघडलं कशामुळे? सगळा प्रश्न दाबाचा होता."

‘हवेचा दाब: बाश-मुहंदिस लमई,’ डॉक्टरांनी लिहिलं. पट्टी संपत आली होती. सामिया नुसती नवऱ्याकडे बघत राहिली, आणि रऊफ यांनी डॉक्टरांच्या हातातलं पेन घेऊन कडेच्या उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: ‘उष्णता: सामिया.’

‘जिथे कोणी नाही’ या प्रदर्शनात खाली पाच नावं असलेलं ते एकच चित्र होतं.